झाड मोडलं, तक्ता उरला

हेक्स नावाची एक छोटी लायब्ररी आहे. रस्ट भाषेत लिहिलेली, बेंजामिन सॉन्डर्स या प्रोग्रॅमरने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली. ती आहे मुख्यतः व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांसाठी, आणि मी गेम बनवत नाही. मी पुण्यात बसून साखर कारखान्यांच्या केनयार्डाची सिम्युलेशनं लिहिते. हंगामात पहाटे उसाच्या किती गाड्या येतील, वजनकाट्यावर किती खोळंबतील, रांग कशी वळवली तर गव्हाण रिकामी राहणार नाही, असले प्रश्न. या कामात हेक्स रोज माझ्या हाताखाली असते. तिच्यावर माझा जीव आहे, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याचं कूळ-मूळ माणूस शोधतोच.

शोधताना एक लक्षात आलं. या जातीच्या, म्हणजे खेळातल्या किंवा सिम्युलेशनमधल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या लायब्रऱ्यांचा इतिहास बहुतेक ठिकाणी एकाच चालीवर सांगितला जातो. प्रोसेसर पळायला लागले, मेमरी मागे पडली, म्हणून माहिती ओळीने मांडून ठेवायची युक्ती निघाली. यात खोटं काही नाही, पण ही गोष्ट मधूनच सुरू होते. मुळातला प्रश्न वेगाचा नव्हताच. एखादी वस्तू काय आहे आणि तिला काय काय करता येतं, हे ठरवायचं कोणी आणि कधी, हा तो प्रश्न होता. तो अधिकाराचा प्रश्न आहे, आणि मला तो वेगापेक्षा मोठा वाटतो.

सुरुवात ओस्लोपासून करायला हवी. नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगोर यांनी सिम्युला ही भाषा रचली, ती सिम्युलेशनसाठीच: रांगा, येणारी-जाणारी वाहनं, अडलेली कामं. म्हणजे ही माणसं माझ्याच धंद्यातली. सिम्युलाच्या १९६७ च्या आवृत्तीत त्यांनी क्लास आणि उपक्लास आणले. ‘वाहन’ असा एक साचा करायचा, त्याच्या पोटी ‘ट्रक’, ट्रकच्या पोटी आणखी काही. वरच्याचे गुण खालच्याला आपोआप मिळतात. केंब्रिजमध्ये संशोधन करताना ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सिम्युला वापरली होती. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी त्याच कल्पनेचं कलम सी भाषेवर करायला घेतलं आणि पुढे त्यातून सी प्लस प्लस उभी राहिली. नव्वदच्या दशकात गेम स्टुडिओंनी सी सोडून सी प्लस प्लस धरली, तेव्हा हे वंशवृक्षही त्यांच्या घरात आले.

कागदावर असं झाड फार देखणं दिसतं. केनयार्डाचंच घ्या. वर ‘वाहन’. त्याखाली ‘इंजिनाचं’ आणि ‘बैलांचं’. इंजिनाच्या खाली ट्रक आणि ट्रॅक्टर, बैलांच्या खाली टायरगाडी. आता ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्या रांगेत सोडून डिझेल भरायला निघून जातो. मागे राहिलेली ट्रॉली कोण? तिला इंजिन नाही, बैल नाहीत, पण रांगेतली जागा तिने अडवली आहे आणि तिच्यात काही टन ऊस आहे. झाडात तिला फांदी नाही. मग तिच्यासाठी एक नवी फांदी काढा, नाहीतर ‘इंजिन असणे’ हा गुण थेट मुळाशी नेऊन ठेवा आणि ज्याला नको त्याच्यापुरता बंद करा. दुसरी वाट सोपी, म्हणून सगळे तीच धरतात. काही महिन्यांत मुळाशी असलेला क्लास सगळ्या जगाचे गुण पोटात घेऊन फुगतो, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. फांदीवर काम करणारे सगळे मुळावर अवलंबून, आणि मूळ कोणाच्याच मालकीचं नाही.

गेममध्ये हे दुखणं जास्त लवकर उठलं, कारण तिथे वस्तूंची कल्पना करणारा एक असतो आणि कोड लिहिणारा दुसरा. लेव्हल डिझायनरला सकाळी सुचतं की हे दार जळलं पाहिजे. दार ‘स्थावर’ फांदीवर, जळणं ‘मशाल’ फांदीवर. डिझायनर प्रोग्रॅमरकडे जातो. प्रोग्रॅमर म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू. तोवर ती कल्पना शिळी होते.

या कोंडीतून पहिली मोठी वाट काढली ती मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने. त्यांचा ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ १९९८ च्या अखेरीस आला. चोराचा खेळ: अंधारात दबकत जायचं, दिवा दिसला तर पाण्याचा बाण मारून विझवायचा, शिपायाच्या कमरेची किल्ली अलगद काढायची. त्यांच्या डार्क इंजिनात खेळातल्या वस्तूंची व्यवस्था जवळजवळ डेटाबेससारखी होती. प्रत्येक वस्तूला एक नंबर. तिच्यावर हवे ते गुण लावायचे आणि दोन वस्तूंमध्ये हवी ती नाती जोडायची. नवा गुण किंवा नवं नातं आणायला बाकीच्या इंजिनाला धक्का लावावा लागत नव्हता. प्रकल्पाचे प्रमुख प्रोग्रॅमर टॉम लेनर्ड यांनी १९९९ मध्ये गेम डेव्हलपर मासिकात त्याबद्दल लिहिलं. त्यातला जोर वेगावर नाही. प्रोग्रॅमरच्या मदतीवाचून डिझायनरला खेळ घडवता यावा, यावर आहे.

ते प्रत्यक्षात कसं चाले हे जवळून पाहण्यासारखं आहे. ड्रोमेड नावाचा त्यांचा एडिटर होता. पाण्याचा बाण म्हणजे ‘पाणी’ नावाची एक चेतना सोडणारी वस्तू. मशालीवर डिझायनरने नोंद केलेली असे: पाण्याची चेतना लागली तर विझ. बाणाला मशाल माहीत नाही, मशालीला बाण माहीत नाही. हीच नोंद डिझायनरने उद्या एखाद्या शेकोटीवर केली तर शेकोटीही विझेल, आणि कोडची एक ओळही बदलावी लागणार नाही. तरफ ओढली की दार उघडतं, कारण तरफेपासून दारापर्यंत ‘कंट्रोल डिव्हाइस’ नावाचं नातं जोडलेलं. शिपायाच्या कमरेला किल्ली दिसते, कारण त्या दोघांत ‘कंटेन्स’ नावाचं नातं आहे आणि त्या नात्यावरच नोंद आहे की किल्ली पट्ट्याला लटकलेली आहे. पुढच्या वर्षी सिस्टम शॉक २ याच इंजिनावर उभा राहिला, आणि तो तर अंतराळयानातला खेळ.

लुकिंग ग्लास मे २००० मध्ये बंद पडला. पण ड्रोमेड लोकांच्या हातात पोहोचला होता, आणि चाहते आजही त्यात थीफच्या नव्या मोहिमा रचतात. मूळ प्रोग्रॅमर केव्हाच पांगले, तरी नव्या वस्तू जन्माला येतच आहेत. ठरवण्याचा अधिकार कोडमधून काढून नोंदींमध्ये नेऊन ठेवला तर एखादी वास्तू तिच्या बांधणाऱ्यांपेक्षा जास्त जगते, याचा याहून मोठा पुरावा माझ्या माहितीत नाही.

दुसरी वाट अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सिअॅटलजवळ निघाली. गॅस पॉवर्ड गेम्सचा ‘डंजन सीज’ २००२ मध्ये आला. त्याच वर्षी सॅन होजेला भरलेल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये स्कॉट बिलास यांनी त्या खेळाच्या वस्तुव्यवस्थेवर व्याख्यान दिलं. त्यांनी दिलेले आकडे ऐकले की कोंडीचा अंदाज येतो: खेळात वस्तूंचे सात हजारांवर प्रकार, आणि नकाशांवर मांडलेल्या वस्तू एक लाखाच्या वर. सात हजार प्रकारांसाठी सात हजार क्लास कोण लिहिणार आणि कोण सांभाळणार? म्हणून त्यांनी क्लासचं झाड काढून टाकलं. वस्तू ही एक मोकळी पिशवी. तिच्यात कॉम्पोनन्ट घालायचे, म्हणजे दिसणं, हालणं, लढणं, सामान बाळगणं. कोणत्या पिशवीत काय, हे डिझायनरच्या मजकुराच्या फायलींमध्ये. थोडेच कॉम्पोनन्ट सी प्लस प्लसमध्ये होते, बाकीचे बहुतेक त्यांनी घरीच बनवलेल्या स्क्रिट नावाच्या स्क्रिप्ट भाषेत. बिलास यांचं म्हणणं मला फार पटतं. झाड नीट आखलं नाही म्हणून मोडतं असं नाही. डिझायनरच्या मागण्या बदलत राहणं हाच कामाचा स्वभाव आहे, आणि कोडमध्ये गोठवलेलं कोणतंही झाड त्या बदलापुढे टिकत नाही.

याच सॅन होजेत, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली होती: माहिती तक्त्यांत ठेवा, आणि ती कोणत्या वाटेने शोधायची हे आधी कोरून ठेवू नका. बँका आणि विमान कंपन्यांनी ती ऐकली. गेमवाल्यांना त्याच ठिकाणी यायला बत्तीस वर्षं लागली.

इथून पुढे वारं फिरलं. नेव्हरसॉफ्टचे मिक वेस्ट यांनी टोनी हॉकच्या स्केटबोर्डवरच्या खेळांमध्ये जुनं झाड उपटून कॉम्पोनन्ट कसे बसवले ते २००७ मध्ये लिहिलं. चालू खेळांचा पाया एकापाठोपाठ एक खेळ करत बदलणं किती जिकिरीचं असतं, आणि खुद्द सहकारी प्रोग्रॅमरांचा विरोध कसा पचवावा लागतो, हे त्यात आहे. मधल्या काळात, २००५ मध्ये, कोपनहेगनच्या मंडळींनी युनिटी हे इंजिन आणलं आणि कॉम्पोनन्टची पिशवी घरोघर पोहोचवली. पण युनिटीच्या त्या कॉम्पोनन्टमध्ये माहितीही असे आणि तिच्यावर चालणारा कोडही.

ते दोन वेगळे करण्याचा आग्रह अॅडम मार्टिन यांनी २००७ मध्ये धरला. हजारो लोक एकाच वेळी खेळतात अशा ऑनलाइन खेळांबद्दल ते लिहीत होते. त्यांची मांडणी कडक होती. एन्टिटी म्हणजे फक्त नंबर, त्यात बाकी काही नाही. कॉम्पोनन्ट म्हणजे फक्त माहिती, तिच्यात कोड नाही. आणि सिस्टीम म्हणजे फक्त कोड, जो ठराविक कॉम्पोनन्ट असलेल्या सगळ्या एन्टिटींवरून हात फिरवत जातो. हे डेटाबेसचंच रूप आहे, असं त्यांनी उघड म्हटलं. एन्टिटी-कॉम्पोनन्ट-सिस्टीम, थोडक्यात ईसीएस, हे नाव या धंद्यात रुळलं ते या लेखांनंतर.

वेगाची गोष्ट आता सुरू होते. २००६ च्या नोव्हेंबरात सोनीचं प्लेस्टेशन ३ आलं. त्यातल्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य भाग आणि भोवती छोटे मदतनीस प्रोसेसर. प्रत्येक मदतनिसाची स्वतःची मेमरी २५६ किलोबाइट, आणि तेवढ्यातच कोडही मावायला हवा आणि माहितीही. मुख्य मेमरीतली वस्तू त्याला सरळ दिसत नाही, आधी तिची प्रत आपल्याकडे आणून घ्यावी लागते. मेमरीभर विखुरलेल्या, एकमेकींकडे पॉइंटरने बोट दाखवणाऱ्या वस्तू अशा यंत्राला चारताच येत नाहीत. एकसारखी माहिती एका ओळीत असेल तरच तिचा गठ्ठा उचलून देता येतो. साध्या संगणकावरही तेच, फक्त शिक्षा सौम्य. प्रोसेसर मेमरीतून आणतो तेव्हा एक आकडा आणत नाही, साधारण ६४ बाइटचा तुकडा आणतो. त्या तुकड्यातला एकच आकडा कामाचा असेल तर बाकीची हमाली वाया जाते.

इन्सोम्नियाक गेम्सचे माइक अॅक्टन यांनी २०१४ च्या सप्टेंबरात सीपीपीकॉनमध्ये हे सी प्लस प्लसवाल्यांच्या तोंडावर सांगितलं: प्रोग्रॅमचं काम माहितीचं रूप बदलणं हे आहे, आणि माहिती कशी आहे हे न पाहता केलेली रचना यंत्राशी खोटं बोलते. ते व्याख्यान मी अनेकदा ऐकलं आहे आणि मला ते अजून पूर्ण पटतं. तरी त्याचा एक परिणाम मला खटकतो. त्यानंतर ईसीएसची ओळख ‘वेगवान मांडणी’ एवढीच होऊन बसली. थीफच्या डिझायनरला मिळालेलं स्वातंत्र्य तळटिपेत गेलं.

आता रस्ट. ग्रेडन होर यांनी २००६ मध्ये स्वतःच्या वेळेत सुरू केलेली भाषा. २००९ पासून मोझिलाने तिला आधार दिला आणि १५ मे २०१५ ला १.० आवृत्ती आली. तिचा कणा म्हणजे एक नियम: एखादी माहिती एकाच वेळी अनेकांनी वाचावी, नाहीतर एकानेच बदलावी, दोन्ही एकदम नाही. बॉरो चेकर हा कंपायलरचा भाग हे कोड चालण्याआधीच तपासतो. इथे क्लासच्या झाडाचीच नव्हे, एकमेकांचे पॉइंटर धरून बसलेल्या वस्तूंच्या सगळ्या जाळ्याचीच पंचाईत होते. शिपायाने चोराचा पॉइंटर धरलाय, चोराने शिपायाचा, आणि दोघांना एकमेकांना बदलायचंय. सी प्लस प्लस ‘तुझं तू बघ’ म्हणते. रस्ट नाही म्हणते.

हे नीट उलगडून सांगितलं कॅथरिन वेस्ट यांनी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये पोर्टलंडला झालेल्या रस्टकॉन्फच्या समारोपाच्या व्याख्यानात. त्यांनी पूर्वी ‘स्टारबाउंड’ या खेळावर सी प्लस प्लसमध्ये काम केलं होतं. त्यांचा रोख असा: रस्ट तुमच्याशी भांडत असेल तर थांबून ऐका, ती तुम्हाला जिकडे ढकलतेय तिकडेच अनुभवी गेमवाले आधीच जाऊन पोहोचले आहेत. पॉइंटरऐवजी नंबर धरा, आणि नंबराला पिढी जोडा.

पिढीची ही युक्ती यार्डाच्या उदाहरणाने लगेच कळते. १७ क्रमांकाचं टोकन घेतलेला ट्रक ऊस खाली करून गेला. टोकन परत आलं आणि पुढच्या टायरगाडीला मिळालं. वजनकाट्याच्या यादीत मात्र अजून ‘१७’ लिहिलेलं आहे, ते जुन्या ट्रकसाठी. नुसत्या नंबरावर विसंबलं तर ट्रकचं वजन टायरगाडीच्या नावावर चढेल. म्हणून प्रत्येक वेळी टोकन पुन्हा देताना त्याची पिढी एकाने वाढवायची: १७ची तिसरी पिढी, १७ची चौथी पिढी. यादीत तिसरी आहे, समोर चौथी आहे, म्हणजे ती गाडी गेली. हेक्समध्ये एन्टिटी म्हणजे एवढंच: ६४ बिट, त्यातले ३२ नंबराचे आणि ३२ पिढीचे.

रस्टमध्ये या वाटेवर आधी स्पेक्स ही लायब्ररी आली. अमेथिस्ट या इंजिनाने ती उचलली, आणि रस्टमध्ये गेम लिहू पाहणाऱ्यांची पहिली फळी तिच्यावर शिकली. मग लीजन आली आणि मांडणी आणखी घट्ट झाली. हेक्सच्या कर्त्याने या दोघींचं ऋण आपल्या माहितीपत्रकात नावानिशी मान्य केलं आहे, आणि आपलं काम त्यापुढे सोपं करत जाण्याचं आहे असं म्हटलं आहे.

सोपं म्हणजे किती, ते त्याच पत्रकातल्या पहिल्या उदाहरणात दिसतं. एक जग तयार करायचं. त्यात एक एन्टिटी सोडायची, तिच्यावर तीन गोष्टी: १२३ हा आकडा, ‘खरं’ ही खूण, आणि ‘एबीसी’ ही अक्षरं. दुसरी एन्टिटी सोडायची, तिच्यावर दोनच: ४२ आणि ‘खोटं’. मग जगाला म्हणायचं, ज्यांच्याकडे आकडा आहे आणि खूणही आहे त्या सगळ्या दे. खूण खरी असेल तर आकडा दुप्पट कर. पहिलीचा आकडा २४६ होतो, दुसरीचा ४२ राहतो. ‘आकडा हा कॉम्पोनन्ट आहे’ असं आधी कुठे जाहीर करावं लागलं नाही. कुठल्या क्लासपासून वारसा घ्यावा लागला नाही. भाषेतला साधा आकडा उचलून लावला आणि तो कॉम्पोनन्ट झाला.

आत काय होतं? ज्या एन्टिटींवर नेमके तेच कॉम्पोनन्ट आहेत, त्या एका तक्त्यात. वरच्या दोन एन्टिटी दोन वेगळ्या तक्त्यांत बसतात, कारण एकीकडे अक्षरं आहेत आणि दुसरीकडे नाहीत. तक्त्यात प्रत्येक कॉम्पोनन्टचा एक सलग रकाना. विचारणा आली की ज्या तक्त्यांत मागितलेले सगळे रकाने आहेत ते निवडायचे आणि रकान्यावरून सरळ खाली जायचं. अॅक्टन यांना हवी असलेली सलग ओळ ती हीच. याची किंमतही आहे: एन्टिटीवर नवा कॉम्पोनन्ट लावला की तिची अख्खी ओळ एका तक्त्यातून उचलून दुसऱ्यात न्यावी लागते. हे सारखं करायचं असेल तर दुसरी मांडणी बरी. मिकेले काइनी यांची सी प्लस प्लसमधली एन्ट ही लायब्ररी ती वापरते, आणि माइनक्राफ्टमध्ये तीच आहे. तिच्या मुळाशी विरळ संचाची जी रचना आहे ती ब्रिग्ज आणि टॉर्झन यांनी १९९३ मध्ये कंपायलरवरच्या कामातून मांडली होती.

हेक्सने काय गाळलं हे मला तिच्या असण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. तिच्यात ‘सिस्टीम’ नाही. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणतं एकाच वेळी, हे ठरवणारा मुकादम नाही. नेहमीचं फंक्शन लिहा, त्यातून जगाला विचारा, बस. मार्टिन यांच्या तीन खांबांपैकी तिसरा तिने सरळ भाषेवर सोपवला. शिवाय ही मांडणी कुठे वापरू नये, हेही तिच्या पत्रकात लिहिलेलं आहे. साधनाने आपली हद्द स्वतःहून सांगणं या धंद्यात दुर्मीळ आहे, आणि मला त्याचा आदर वाटतो.

माझ्या यार्डात यामुळे काय बदललं ते सांगते. रांगेत सोडून दिलेल्या ट्रॉलीचा प्रश्न उरला नाही. ट्रॅक्टर गेला की ट्रॉलीवरचा ‘वेग’ काढून घ्यायचा. ‘जागा’ आणि ‘माल’ तसेच. गाड्या पुढे सरकवणारं फंक्शन जागा आणि वेग दोन्ही मागतं, त्याला ती दिसत नाही. रांगेची लांबी मोजणारं फक्त जागा मागतं, त्याला ती दिसते. फांदी काढावी लागली नाही.

आणि जळीत ऊस. फड पेटला की तो ऊस लवकर गाळावा लागतो, नाहीतर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, म्हणून जळीताच्या गाडीला रांगेत आधी घ्यायचं असतं. क्लासचं झाड असतं तर जळीत ट्रक, जळीत ट्रॉली, जळीत टायरगाडी असे तीन नवे क्लास काढावे लागले असते. इथे ‘जळीत’ असा एक कॉम्पोनन्ट, आत फक्त फड कधी पेटला ती वेळ. शेतकी खात्यातले एक अधिकारी माझ्या टेबलाशी बसून होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, हे मला लावता येईल का? कुठली गाडी जळिताची, ते आम्हाला गट ऑफिसातून आधी कळतं.” मी गाड्यांची यादी मजकुराच्या फाईलमध्ये आणली आणि ती त्यांच्या हवाली केली. पंधरवड्यात त्यांनी मला न विचारता आणखी एक खूण जोडून घेतली, लांबच्या गटातून आलेल्या गाड्यांची, आणि ती कशी वापरायची हेही त्यांनीच ठरवलं. माझ्याकडून लागल्या त्या रांग लावणाऱ्या फंक्शनमधल्या काही ओळी. लुकिंग ग्लासमध्ये जे डिझायनरसाठी केलं गेलं, ते हेच.

हेक्सचं पुढे काय झालं? कार्टर अँडरसन यांनी ऑगस्ट २०२० मध्ये बेव्ही हे इंजिन आणलं, तेव्हा त्याच्या पोटातली ईसीएस ही हेक्सचीच प्रत घेऊन वाढवलेली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये, ०.५ आवृत्तीत, बेव्हीने ती बाजूला ठेवून स्वतःची नवी लिहिली: तक्ते आणि विरळ संच दोन्ही, कोणता कॉम्पोनन्ट कुठे ठेवायचा ते तुम्ही सांगा. बेव्हीभोवती आज मोठी वस्ती आहे. हेक्स आहे तशीच लहान राहिली, आणि ज्यांना इंजिन नको, फक्त जग हवं, असे लोक तिच्याकडे येत राहिले.

एक गोष्ट मात्र तिच्यात नाही, आणि मला ती हवी आहे: नाती. ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली यांच्यातला दुवा मी आज ट्रॉलीवर ट्रॅक्टरचा नंबर लिहून सांभाळते. ट्रॅक्टर जगातून गेला की तो नंबर मलाच शोधून पुसावा लागतो. थीफमध्ये शिपाई आणि किल्ली यांच्यातलं नातं ही स्वतंत्र नोंद होती, आणि त्या नोंदीलाही स्वतःची माहिती होती. सान्डर मेर्टेन्स यांच्या फ्लेक्स या सी भाषेतल्या लायब्ररीने नाती पुन्हा आणली आणि फार खोलवर नेली. बेव्हीमध्ये ती २०२५ च्या एप्रिलमध्ये, ०.१६ आवृत्तीत आली. १९९८ मध्ये खेळाडूंच्या हातात असलेली गोष्ट बेव्हीपर्यंत यायला सत्तावीस वर्षं गेली, आणि मधल्या काळात जवळजवळ सगळी चर्चा ६४ बाइटच्या तुकड्यांची होती. हेक्समध्ये नाती यावीत की नाहीत यावर मी बराच विचार केला आहे. माझं मत, येऊ नयेत. ती आली तर लायब्ररी दुप्पट होईल आणि तिचं हलकेपण जाईल. मी माझ्यापुरता दुव्यांचा एक वेगळा तक्ता हेक्सच्या बाहेर लिहिते आहे, नंबर आणि पिढी दोन्ही बाजूंना धरून, आणि येत्या गळीत हंगामाच्या आत तो यार्डाच्या कामाला जुंपायचा आहे.